स्टेजवर वाजवायला टच स्क्रीनचा कीबोर्ड घ्यावा की बटणांचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: ऑर्केस्ट्रात आणि हळदीच्या कार्यक्रमांत वाजवता, जुना बटणांचा कीबोर्ड आता थकलाय, दुकानदार टच स्क्रीनचं मॉडेल गळ्यात मारतोय आणि स्टेजवर ते झेपेल का याची धास्ती आहे.

माझं मत आधीच सांगतो. टच स्क्रीन असेल तर असू दे, पण गाणं चालू असताना तिला हात लावावा लागेल असा कीबोर्ड घेऊ नका.

बटणाचा एक गुण आपण रोज वापरतो आणि त्याबद्दल कधी बोलत नाही. बटणावर बोट आधी टेकवून ठेवता येतं. मुखडा संपायच्या आतच डाव्या हाताचं बोट पुढच्या टोनच्या, म्हणजे वाद्याच्या आवाजाच्या, बटणावर जाऊन बसतं आणि सम आली की नुसतं दाबायचं. स्क्रीनवर टेकवलं म्हणजे दाबलंच. मग बोट हवेत धरायचं, नजर स्क्रीनला लावायची आणि उजव्या हाताने पीस, म्हणजे गाण्यातला वाद्यांचा तुकडा, चालू ठेवायचा, हे सगळं एकदम. 120 च्या टेम्पोत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. स्ट्रिंग्ज संपून दोन मात्रांनी बासरीची एन्ट्री असेल तर हातात एक सेकंद आहे, आणि त्याच सेकंदात ढोलकीवाल्याची खूणही पकडायची असते. गाडीवर किंवा ट्रॉलीवर कीबोर्ड ठेवून मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीच्या मंडळींना विचारा. खड्ड्यात चाक गेलं की स्क्रीनवरचं बोट शेजारच्या चौकटीत पडतं. बटणाच्या कडेला निदान बोट अडकवून धरता येतं.

दुसरी गोष्ट पट्टीची. तालमीत गाण्याची पट्टी काळी दोन ठरलेली असते. कार्यक्रमाच्या दिवशी गायिकेचा घसा बसलेला असतो आणि निवेदकाचं बोलणं चालू असतानाच मागून आवाज येतो, ‘दादा, पांढरी दोनमध्ये घ्या ना,’ म्हणजे अर्धा सूर खाली. ट्रान्स्पोजची, म्हणजे पट्टी वर-खाली करायची, अधिक-उणेची बटणं पॅनेलवर समोर हवीत, दिवे गेले तरी सापडतील अशी. ट्रान्स्पोज मेनूच्या तिसऱ्या पानावर लपलेला असेल, तर बाकी आवाज कितीही गोड असला तरी तो कीबोर्ड आपल्या कामाचा नाही. सप्तक वर-खाली करायच्या बटणांचंही तेच. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, काढायला चाक किंवा जॉयस्टिक हवीच. शहनाई, सतार, सारंगी यांचे टोन त्याशिवाय हार्मोनिअमसारखे तुटक वाजतात. बोटाला जाणवणारा स्प्रिंगचा ताण काचेला देता येत नाही.

आता आपल्या हवेबद्दल. हल्लीच्या बहुतेक स्क्रीन बोटाच्या स्पर्शाने विद्युतक्षेत्रात पडणारा फरक ओळखतात. त्यांना पाण्याचा थेंबही कधीकधी बोटासारखा वाटतो. गणपतीच्या दिवसांत पावसाची झड आली, किंवा कोकणातल्या दमट रात्री तळहाताला घाम फुटला, की स्क्रीन न सांगता पानं उलटू शकते. जुन्या प्रकारच्या, दाबावर चालणाऱ्या स्क्रीनला घामाचं वावडं नाही, पण ती जोर लावून दाबावी लागते आणि काही वर्षांनी स्पर्शाची जागा सरकते. मग पुन्हा जुळवून घ्यावी लागते. दुपारच्या लॉनवरच्या लग्नात उन्हामुळे स्क्रीनवर काहीच दिसत नाही, तर रात्री गावच्या स्टेजवर स्क्रीनच्या उजेडावर पाखरं जमतात. (ती हाकलताना टोन बदलला तर प्रेक्षकांना वाटतं, काहीतरी नवीन प्रयोग आहे.)

बटणं अमर आहेत असं मुळीच नाही. आतले छोटे स्विच धुळीने आणि दमटपणाने जातात. एकदा दाबलं की दोनदा लागतं, नाहीतर लागतच नाही. पण ते एकेक करून जातात. एक बटण गेलं तर तो टोन दुसऱ्यावर टाकून तुम्ही कार्यक्रम पार पाडता. ज्या कीबोर्डवर सगळं स्क्रीनमधूनच होतं, तिथे ती गोठली की उरलेली रात्र एकाच टोनवर काढायची.

तसं पाहिलं तर हा वाद टच स्क्रीनपेक्षा जुना आहे. 1970 च्या मिनीमूग या सिंथेसायझरवर जवळजवळ प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब होता. 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स7 सिंथेसायझर आला तो सपाट, मेम्ब्रेनची (पातळ पापुद्र्याखालची) बटणं आणि एक डेटा स्लायडर घेऊन. टोन बनवायला तो डोकेदुखी होता, पण साठवलेले 32 टोन 32 बटणांवर समोर होते, म्हणून स्टेजवर तो धावला. कॉर्गने 1995 मध्ये ट्रिनिटी या कीबोर्डवर टच स्क्रीन दिली तेव्हाही जॉयस्टिक आणि बटणं काढून टाकली नव्हती. बटण, त्यामागचा स्विच, वायरिंग, पॅनेलला भोक, या सगळ्याला पैसे पडतात. स्क्रीन एकदा बसवली की तिच्यात वाटेल तितकी बटणं काढता येतात. बटणं कमी झाली की ‘आधुनिक रचना’ म्हणून जाहिरात होते, तेव्हा हा हिशोब लक्षात ठेवा.

घरी मात्र टच स्क्रीन खरंच सुख आहे. शेकडो टोनमधून हवा तो शोधणं, स्प्लिट (पट्ट्यांचे भाग करून वेगळे टोन) आणि लेअर (एकावर एक टोन) लावणं, प्रत्येक भागाचा आवाज जुळवणं, गाण्यांची नावं टाकून यादी करणं, हे बाण दाबत दाबत करताना माझा तर जीव जातो. म्हणून तयारी स्क्रीनवर करा आणि तयारीचं फळ बटणांवर आणून ठेवा.

यामाहाच्या पीएसआर-एसएक्स900 वर हे नीट जमतं. सात इंचांची टच स्क्रीन आहे, पण रजिस्ट्रेशनची (टोनसकट सगळी मांडणी साठवून एका दाबात परत आणायची), स्टाइलची (आपोआप वाजणाऱ्या साथीची) आणि ट्रान्स्पोजची बटणं बाहेरच आहेत. त्याच घराण्यातल्या एसएक्स600 ला टच नाही, पैसे कमी असतील तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रोलँडनेही 2019 च्या फँटम कीबोर्डला टच दिली आणि पुढे आलेल्या स्वस्त फँटम-0 मालिकेत ती काढली. बटणं, नॉब आणि पॅड भरपूर ठेवले. आपल्याकडे रोलँडचाच एक्सपीएस-10 इतक्या मंडळांत दिसतो, त्यालाही टच नाही. ‘नॉर्ड स्टेज’ नावाच्या कीबोर्डवर आजही टच नाही, फक्त किंमत लाखांत आहे.

रजिस्ट्रेशन साठवताना एक गोष्ट नक्की करा: काय काय साठवायचं त्या यादीत ट्रान्स्पोजवरची खूण काढून टाका, किंवा फ्रीझमध्ये, म्हणजे रजिस्ट्रेशन बदललं तरी न बदलणाऱ्या गोष्टींत, ट्रान्स्पोज घ्या. नाहीतर गायिकेसाठी अर्धा सूर खाली केलेला असतो, अंतऱ्याला तुम्ही पुढचं बटण दाबता आणि कीबोर्ड गुपचूप मूळ पट्टीवर जातो. असं झालं की माइकवरून जी नजर येते ती विसरता येत नाही. गाण्यातल्या क्रमाने रजिस्ट्रेशन लावून पुढे जाण्याचं काम पायाच्या स्विचवर दिलंत तर हात तेवढाही सोडावा लागत नाही. साधा सस्टेन पेडल चालतो.

टॅब्लेटवरून आवाज वाजवायचा विचार असेल तर एक आकडा ध्यानात घ्या. ॲपल आयपॅडसाठी 0 ते 35 अंश तापमान सांगते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी मंडपाखाली त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि तापलेला आयपॅड स्वतःहून थांबतो. गाण्याचे शब्द बघायला तो ठेवा, आवाज कीबोर्डवरच राहू द्या.

दुकानात गेलात की डेमो ऐकण्यात वेळ घालवू नका. तुमचं नेहमीचं एक अवघड गाणं घ्या, त्याचे चार टोन रजिस्ट्रेशनवर टाका आणि स्क्रीनवर रुमाल टाकून पूर्ण वाजवा. मध्ये एकदा ट्रान्स्पोज बदला, एकदा स्टाइलचा फिल (मधला छोटा तालाचा तुकडा) घ्या. जुना घेत असाल तर प्रत्येक बटण सावकाश आणि पटापट असं दोन्ही तऱ्हेने दाबून बघा, आणि स्क्रीनवरचा एखादा स्लायडर बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. मध्येच उडी मारली तर किंमत पाडून मागा, नाहीतर सरळ दुसरा बघा.