शिंप्याला कुठे उडायचंय?

प्रेक्षक विचारतात

‘मिन्नल मुरली’ या मल्याळम चित्रपटावर वाचकांची मतं मागवली होती. बेसिल जोसेफ यांचा हा चित्रपट २४ डिसेंबर २०२१ रोजी थेट नेटफ्लिक्सवर आला. खर्च १८ कोटी रुपयांच्या आसपास, असं तेव्हा छापून आलं होतं. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नव्वदच्या दशकातलं केरळमधलं कुरुक्कनमूला नावाचं कल्पित गाव, अमेरिकेचं वेड घेतलेला जेसन हा शिंपी (टोविनो थॉमस), चहाच्या टपरीवर राबणारा शिबू (गुरू सोमसुंदरम), आणि एकाच रात्री दोघांवर पडलेली वीज. शेवट आधी कळायला नको असेल तर पुण्याच्या पत्राचं उत्तर वगळा.

पहिला तासभर नायक काही करतच नाही. अंगात शक्ती आली तरी याचं आपलं अमेरिका-अमेरिका चालूच. पटकथा ढिली म्हणायची की हे मुद्दाम? (एक वाचक, सातारा)

मुद्दाम, आणि त्यात पैशाचा हिशेबही आहे. ज्याला शक्ती हवी असते तो ती चारचौघांत दाखवतो. मग गर्दी आली, रस्ता अडवणं आलं, मोडणाऱ्या गाड्या आल्या. ज्याला ती नकोय तो घरात, अंगणात, भाच्यासमोर चोरून करून बघतो. एक खोली, दोन नट आणि एखादाच खर्चिक शॉट. इथे जोसमोन हा भाचाच कॉमिक्स वाचून मामाला शिकवतो. त्यातून विनोद फुकटात मिळतो आणि नियम समजावून सांगणारं कंटाळवाणं भाषणही वाचतं.

इटलीत २०१५ साली गाब्रिएले माइनेत्ती यांनी ‘लो क्यामावानो जीग रोबोट’मध्ये हेच केलं. रोममधला भुरटा चोर टायबर नदीत किरणोत्सारी पिंपात पडतो, अंगात अचाट ताकद येते, आणि पहिलं काम काय करतो, तर भिंतीतलं एटीएम उपटून घरी नेतो! एक भिंत, एक यंत्र, एक रात्र. त्या चित्रपटाचा खर्च १७ लाख युरोंच्या घरात होता. २०१६ मध्ये त्याला ‘दाविद दी दोनातेल्लो’ हे इटलीतले मानाचे सात पुरस्कार मिळाले.

तरी तुमची तक्रार अर्धी मान्य. जेसनच्या प्रेमभंगाला दिलेल्या वेळाच्या मानाने त्यातून फारसं काही निघत नाही. तो धागा दहा मिनिटांनी आखडला असता तर अडीच तासांवर गेलेली लांबी जाणवली नसती.

मारामारी मला टीव्ही मालिकेसारखी वाटली. मित्र म्हणतो, असं काहीच नाही. कोणाचं खरं? (एक वाचक, नाशिक)

आधी तुमचा टीव्ही तपासा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. नवे टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच बनवून घालतात आणि चित्र नको तितकं गुळगुळीत करतात. त्यामुळे उडी वजनहीन वाटते आणि सेट सेटच दिसतो. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा. ‘व्हिव्हिड’ मोड असेल तर तोही काढा, कारण त्यात रात्रीचे प्रसंग निळेशार होतात आणि संगणकावर जोडलेल्या चित्रांच्या कडा उठून दिसतात. मग तीच मारामारी पुन्हा बघा. मित्राने हेच आधी केलेलं असण्याची शक्यता दाट आहे.

एवढं करूनही खोटं वाटलं, तर कुठे खोटं आहे ते शोधता येतं. तारेवर टांगलेल्या माणसाची तार बहुधा कमरेच्या दोन्ही बाजूंना जोडलेली असते. त्यामुळे उडी मारताना अंग कमरेत मोडतं, पाय मागे लोंबतात, आणि जमिनीवर येताना गुडघे वाकायच्या आतच वेग संपलेला असतो. तार संगणकावर पुसता येते, पण न पडलेलं वजन नंतर घालता येत नाही. दुसरी जागा म्हणजे धूसरपणा. २४ फ्रेम्सना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ, साधारण १/४८ सेकंद ठेवलं की हलणारा हात थोडा पुसट येतो आणि डोळ्याला ते बरोबर वाटतं. हिरव्या पडद्यापुढे (त्याच्या जागी नंतर संगणकावर दुसरं चित्र बसवतात) कडा स्वच्छ कापता याव्यात म्हणून काही जण शटर आणखी वेगवान करतात. मग हात तुटक-तुटक हलतो आणि प्रेक्षक म्हणतो, ‘व्हीएफएक्स (संगणकावरची करामत) गंडलंय’, जेव्हा चूक कॅमेऱ्यावरच झालेली असते.

तिसरी जागा आवाज, आणि तिथे लोक सर्वांत कमी बघतात. चांगल्या ठोशात तीन थर असतात: खालचा धप्प, मधला कडाका, वरून काच-माती सांडल्याचा बारीक आवाज. ठोशाच्या आधी तीन-चार फ्रेम शांतता ठेवली की तोच ठोसा दुप्पट लागतो. टीव्हीच्या पाठीमागच्या दोन बारक्या स्पीकरवर खालचा थर येतच नाही. हेडफोन लावून बघा.

आमचं मत विचाराल तर व्लाड रिमबर्ग यांनी बसवलेली साहसदृश्यं या बजेटला चांगलीच आहेत. माणसं माणसांवर आदळतात ती दृश्यं उत्तम. जिथे वस्तू हवेत भिरभिरतात तिथे मात्र पैसा कमी पडल्याचं दिसतं.

शिबूच चित्रपट खाऊन टाकतो. नायक फिका पडणं हा दोष नाही का? (एक वाचक, मडगाव)

नायक फिका नाही, उशिरा जागा होतो. शिबूला पहिल्यापासून एकच गोष्ट हवी आहे, त्याचं जुनं प्रेम असलेली उषा. जेसनला काय हवंय ते त्याचं त्यालाच धड ठाऊक नाही. पडद्यावर हट्टी माणूस नेहमीच गोंधळलेल्या माणसाला भारी पडतो. गुरू सोमसुंदरम तर चेहऱ्यावर केवळ ओठांच्या कोपऱ्यातून हसू आणतात आणि ते तसंच विझवतात, डोळे हलवतसुद्धा नाहीत. गावाने वेडा ठरवलेल्या माणसाला वस्तू न शिवता हलवायची शक्ती देणं आणि पळू पाहणाऱ्याला पळण्याचा वेग देणं, हे लेखक अरुण अनिरुद्धन आणि जस्टिन मॅथ्यू यांचं खरं कसब.

नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावा का? (एक वाचक, पुणे)

पहिला भाग बिनधास्त दाखवा. उत्तरार्धात जमाव घर पेटवतो, त्यात उषा आणि तिची मुलगी मरतात आणि शिबू त्यांच्यासाठी आक्रोश करतो. रक्तापेक्षा तो आक्रोशच जास्त जड जातो. आगीची भीती असलेल्या मुलांना तेवढा भाग पुढे ढकलून पुढची गोष्ट तोंडी सांगितली तरी चालेल. शेवटची लढत मात्र कळायची असेल तर त्या घरात काय झालं हे सांगावंच लागेल.

हिंदीत बघू की मूळ भाषेत? (एक वाचक, मस्कत)

मल्याळममध्ये, सबटायटल लावून. हिंदी डबिंग वाईट नाही, पण शिबूचा अडखळता, घशात अडकलेला आवाज त्यात सरळसोट होतो. घरात सबटायटल वाचायला नको म्हणणारं कुणी असेल तर हिंदी लावा. भांडून चित्रपट बंद करण्यापेक्षा ते बरं.

बजेट कमी म्हणून समीक्षक सांभाळून घेतात. आमचं मासिक वर्गणीचं बिल काही कमी होत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

पटलं. चित्रपट स्वस्तात झाला हा बघणाऱ्याचा प्रश्न नाही. पोलीस इतके भोळे दाखवलेत की धाक वाटत नाही, आणि जेसनच्या वडिलांची हकीकत भूतकाळातल्या प्रसंगांनी समजावून द्यावी लागते, हे दोष पैशाचे नाहीतच, कागदावरचे आहेत. कागद फुकट असतो.

एक मात्र ध्यानात घ्या. बजेट कमी म्हणजे पुन्हा करण्याची मुभा कमी. केरळमधल्या कालडी इथे पेरियार नदीच्या काठी या चित्रपटासाठी चर्चचा सेट उभारला होता. लॉकडाऊनमध्ये चित्रीकरण थांबलं आणि मे २०२० मध्ये काही जणांनी तो सेट फोडला. मोठ्या निर्मात्याला असा फटका सोसतो. लहान निर्मात्याला तो दुसऱ्या कुठल्यातरी प्रसंगातून कापून काढावा लागतो.

आम्ही कॉलेजची मुलं दहा मिनिटांची अशीच फिल्म करतोय. फोन आणि वीस हजार रुपये आहेत. वीज पडणं, वस्तू हलवणं आणि उडणं कसं करायचं? (एक गट, धुळे)

उडणं काढून टाका. नायकाला नकोच आहे ना शक्ती? मग त्याला उंचीची भीती द्या. हट्टच असेल तर शेवटी सांगतो.

वीज. फोटोची फ्लॅशगन वापरू नका. तिचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकतो आणि फोनचा सेन्सर चित्र ओळी-ओळीने टिपतो, त्यामुळे अर्धीच फ्रेम उजळते आणि मध्ये आडवी रेघ दिसते. त्याऐवजी मोठा एलईडी दिवा लावून ठेवा आणि पुढे पुठ्ठा धरून तो झटकन बाजूला करा. खऱ्या विजेत तीन-चार लखलखाट लागोपाठ होतात, मध्ये सेकंदाच्या विसाव्या भागाइतकं अंतर, म्हणजे साधारण एखादी फ्रेम. संकलनात एक फ्रेम पूर्ण पांढरी, एक अंधार, दोन अर्धी उजळ, तीन अंधार, पुन्हा एक पांढरी असं बसवा. एकसारखं लुकलुकवलं की लग्नाच्या मांडवातली रोषणाई दिसते. वीज अंगावरच पडत असेल तर कडकडाट त्याच फ्रेमवर हवा, गडगडाट मागून. दूरची असेल तर किलोमीटरमागे तीन सेकंद थांबा.

फोनवर एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही लॉक करा, नाहीतर उजेड पडताच फोन स्वतःच चित्र काळं करतो. २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट फडफडत नाही.

वस्तू हलवणं. मासेमारीची तंगूस घ्या, ०.२ मिलिमीटर जाडीची, आणि वस्तू शंभर-दीडशे ग्रॅमच्या आतली ठेवा. स्टीलचा पेला नको, प्लास्टिकचा रंगवून घ्या. तंगूस फ्रेमबाहेर पडद्याच्या गुळगुळीत कडीतून न्या म्हणजे झटका बसत नाही. तिच्यावर काळा मार्कर फिरवा आणि दिवा मागून लावू नका. मागच्या उजेडात ती चांदीच्या तारेसारखी चमकते. प्रत्येक शॉटनंतर कॅमेरा जागेवरून न हलवता पाच सेकंद रिकामी फ्रेम घ्या. दोरा पुसताना मागची भिंत याच फ्रेममधून भरायची असते.

पेला उडून हातात यायला हवा असेल तर उलटं करा: हातातून पेला फ्रेमबाहेरच्या मित्राकडे हलकेच सोडा आणि शॉट उलटा चालवा. नटाने नजरही उलटी द्यायची, आधी हातावर आणि मग पेला जाईल तिकडे. इथे हमखास पकडलं जातं ते मागच्या गोष्टींवरून. चहाची वाफ परत कपात शिरते, मागून जाणारं कुत्रं उलटं चालतं. म्हणून कोरी भिंत आणि रिकामा पेला.

उडणं, हट्टच असेल तर. कुणालाही दोरीने, ओढणीने किंवा पंख्याच्या हुकाला टांगायचं नाही. हार्नेसचं (अंगाला बांधायच्या पट्ट्यांचं) काम प्रशिक्षित माणसाचं, ते वीस हजारांत येत नाही. नटाला मजबूत बाकावर पालथं झोपवा, बाकावर हिरवं कापड टाका, कॅमेरा खालून वर धरा. मागचा हिरवा पडदा नटापासून आठ-दहा फूट दूर हवा, नाहीतर गालावर हिरवी झाक येते. कापड इस्त्री करून ताणा. सुरकुत्यांची सावली कापताना त्रास देते. बहुतेक फोन रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच साठवतात, त्यामुळे मोकळ्या केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात. नायकाला टोपी किंवा मुखवटा द्या.

तुमच्या शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीकला घेऊन स्थानिक सुपरमॅन केला, तोही साध्या कॅमेऱ्यावर. त्या निर्मितीवरचा फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट सगळ्यांनी एकत्र बसून बघा. हिरव्या पडद्याची त्यांनी केलेली जुळवाजुळव कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. त्यात त्यांचा कॅमेरा पाण्यात पडतो तो प्रसंगही नीट बघा आणि फोनला पट्टा बांधा. रोजचं चित्रीकरण त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेवा.

वीस हजारांपैकी निम्मे माइक आणि दिव्यांच्या भाड्याला काढून ठेवा. प्रत्येक जागी कुणीही न बोलता तीस सेकंद नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. संवाद कापल्यावर राहिलेल्या फटी भरायला तोच लागतो.