चहा स्वस्त झाला होता, तरी अमेरिकन वसाहती का पेटल्या?

प्रश्न असा आहे: चहावर एका पौंड वजनामागे ३ पेन्स कर, तोही असा की चहा आधीपेक्षा स्वस्त पडणार होता, मग एवढ्यासाठी अमेरिकेतल्या १३ वसाहती इंग्लंडशी युद्ध का पुकारतील? कर खरंच इतका जाचक होता का?

नव्हता. वसाहतीतला माणूस इंग्लंडमधल्या माणसापेक्षा कितीतरी कमी कर भरत होता. भांडण रकमेचं नव्हतंच. कर बसवायचा अधिकार कोणाचा, वसुली कोण करणार, खटला कुठे चालणार आणि जमा झालेल्या पैशातून पगार कोणाचे होणार, यावरून ते होतं. यातली पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ असते: प्रतिनिधित्व नाही तर कर नाही. शेवटची, पगाराची, सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते सगळ्यात खोल मुळं तिचीच आहेत.

१७६३ साली फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध इंग्लंडने जिंकलं, पण राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या घरात गेलं. कॅनडा हाती आला होता आणि अमेरिकेत सुमारे १०,००० फौज कायम ठेवायचं ठरलं. तिच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा, ही पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलची अपेक्षा तशी अवाजवी नव्हती. चुकली ती पद्धत.

१७६४ च्या साखर कायद्याने कर वाढला नाही, उलट कमी झाला. परदेशी मळीवर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स जकात होती, पण ती फारसं कोणी भरत नसे. बंदरावरच्या अधिकाऱ्याचे हात ओले केले की माल सुटायचा. ग्रेनव्हिलने दर ३ पेन्सवर आणला आणि वसुली मात्र कडक केली. मालाच्या प्रत्येक नगाचे कागद, जामीनपत्रं, आरमाराची गस्त. आणि पकडलेल्या मालाचा खटला आता कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सच्या नाविक न्यायालयात चालवता येणार होता. तिथे ज्युरी नसे. बॉस्टनची ज्युरी म्हणजे आरोपीचेच शेजारीपाजारी, त्यामुळे तस्करीच्या खटल्यात दोषी ठरणं कठीण. ती पळवाट सरकारला बुजवायची होती. व्यापाऱ्याला मात्र शेकडो मैल लांब जाऊन माल कायदेशीर असल्याचं स्वतःच सिद्ध करावं लागणार होतं. न्यू इंग्लंडचा रमचा धंदा मळीवर उभा होता, तेव्हा ओरड तिथूनच सुरू झाली.

मग १७६५ चा स्टॅम्प कायदा. आपल्याकडे खरेदीखताला स्टॅम्प पेपर लागतो, तोच प्रकार. इंग्लंडमध्ये तो १६९४ पासून रुळलेला होता. दस्त, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, सगळं शिक्क्याच्या कागदावर. पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग, महाविद्यालयाच्या पदवीला २ पौंड. अपेक्षित उत्पन्न वर्षाला सुमारे ६०,००० पौंड. कर भरायचा ब्रिटिश नाण्याच्या हिशेबात, आणि नाणं तर वसाहतींत आधीच दुर्मिळ; आदल्याच वर्षी कागदी चलनावरही बंधनं आली होती. शिवाय हा कर नेमका वकील, छापखानेवाले आणि व्यापारी यांच्यावर पडला. गावात ज्यांच्या शब्दाला वजन, ते सगळे एकदम दुखावले.

कायदा पाडायची युक्तीही बघण्यासारखी आहे. शिक्क्याचा कागद विकायला प्रत्येक वसाहतीत एक वितरक नेमला होता. त्याने राजीनामा दिला की कागदच मिळत नाही आणि कायदा जागच्या जागी ठप्प. १४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनच्या जमावाने वितरक अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला लटकवला, त्याची कचेरी पाडली. त्याने पद सोडायचं कबूल केलं. बाकीच्यांनी तोच धडा घेतला. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा तो राबवायला माणूस शिल्लक नव्हता म्हटलं तरी चालेल. तिकडे निर्यात बसल्यामुळे लंडनचे व्यापारीच पार्लमेंटच्या मागे लागले आणि १८ मार्च १७६६ ला कायदा रद्द झाला. त्याच दिवशी दुसरा एक कायदा मंजूर झाला: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करायचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. रद्द झाल्याच्या आनंदात तिकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

आता पगार. मॅसॅच्युसेट्ससारख्या वसाहतीत गव्हर्नर राजाचा, पण त्याचा पगार मंजूर करायचं स्थानिक विधिमंडळ, तेही दरवर्षी. गव्हर्नर फार ताठ वागला की पगार अडकायचा. लोकांच्या हातात राजाच्या माणसाला लावलेला हा एकमेव खरा लगाम होता. अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयातकर बसवला आणि कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं की या पैशातून न्यायदानाचा आणि मुलकी कारभाराचा खर्च चालेल. अपेक्षित रक्कम अवघी ४०,००० पौंड. कर्जापुढे ती काहीच नाही. मुद्दा होता गव्हर्नर आणि न्यायाधीश विधिमंडळाच्या हातून सोडवण्याचा. वसाहतींनी ते बरोबर ओळखलं. जकात आयुक्तांचं नवं मंडळ बॉस्टनमध्ये बसलं, दंगे झाले, १ ऑक्टोबर १७६८ ला तिथे फौज उतरली, आणि ५ मार्च १७७० ला सैनिकांच्या गोळीबारात ५ माणसं मेली. योगायोग असा की त्याच दिवशी लंडनमध्ये नवा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने चहा सोडून बाकीचे कर काढायचा प्रस्ताव मांडला. चहा ठेवायचा की नाही, यावर आदल्या वर्षी मंत्रिमंडळात मतं पडली होती ५ विरुद्ध ४. एका मताने तो राहिला.

पुढची २-३ वर्षं शांततेची मानतात. वरवर होतीच. पण १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन आणि पाठोपाठ वरिष्ठ न्यायाधीश यांचे पगार राजाच्या तिजोरीतून होणार, असं कळलं. बॉस्टनचा पुढारी सॅम्युएल अ‍ॅडम्सने त्याच नोव्हेंबरमध्ये बॉस्टनची पत्रव्यवहार समिती उभी केली आणि गावोगाव पत्रं गेली. पुढे चळवळ चालली ती याच जाळ्यावर.

१७७३ चा चहा कायदा वसाहतींसाठी नव्हताच, ईस्ट इंडिया कंपनीला बुडण्यापासून वाचवण्यासाठी होता. लंडनच्या गोदामांत तिचा सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. (चहा चीनचा, भारतात लागवड अजून सुरूच झाली नव्हती.) त्याच अधिवेशनात कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज आणि सोबत तिच्या कारभारावर सरकारचा लगाम लावणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट मिळाला. याचा धागा थेट आपल्याकडे येतो: युद्ध आणि तह या बाबतीत मुंबईकर इंग्रज कलकत्त्याच्या ताब्यात गेले. तरी त्यांनी मार्च १७७५ मध्ये न विचारता राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याने तो नाकारला, आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. म्हणजे एकाच कंपनीच्या दिवाळखोरीवर केलेले उपाय बॉस्टनला आणि पुण्याला एकाच वेळी भोवत होते.

कायद्याने कंपनीला आपला चहा ठराविक आडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली आणि इंग्लंडमधला कर परत केला. चहा स्वस्त झाला. पण ३ पेन्स तसेच राहिले, कारण पगार त्यातून द्यायचे होते. स्थानिक व्यापारी आणि डच चहाचे तस्कर, दोघेही धंद्यातून उठणार होते. आणि बॉस्टनच्या आडत्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते.

पुढे काय घडलं ते २० दिवसांच्या मुदतीमुळे घडलं. बंदरात आलेल्या मालावर २० दिवसांत कर भरला नाही तर जकात खातं माल जप्त करून विकणार, असा नियम होता. ‘डार्टमथ’ जहाज २८ नोव्हेंबरला आलं. मुदत १७ डिसेंबरला संपत होती. चहा उतरवला तर कर भरला जातो, नुसता ठेवला तर जप्त होऊन विकला जातो आणि कर वसूल होतोच. उरला परत पाठवायचा मार्ग, पण कर भरल्याशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय किल्ल्याच्या तोफांपुढून जहाज जाणार कसं? १६ डिसेंबरला जहाजमालक स्वतः हचिन्सनकडे गेला आणि नकार घेऊन आला. त्याच रात्री तीन जहाजांवरच्या ३४० च्या वर पेट्या फोडून सुमारे ९२,००० पौंड वजनाचा, ९,६५९ पौंड किमतीचा चहा पाण्यात गेला. फिलाडेल्फियाने जहाज परत पाठवलं, चार्ल्सटनमध्ये चहा तळघरात पडून राहिला. हचिन्सनने ताणलं नसतं तर बॉस्टनमध्येही तसं होऊ शकलं असतं.

इथपर्यंत भांडण मिटण्यासारखं होतं. १७७४ च्या दंडात्मक कायद्यांनी ती शक्यता संपवली. बॉस्टन बंदर १ जूनपासून बंद झालं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याहून घातक होता मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलणारा कायदा: वरचं सल्लागार मंडळ राजाने नेमायचं, ग्रामसभा वर्षातून एकदाच, जास्तीची घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी. कर व्यापाऱ्याला लागत होता, हा कायदा खेड्यातल्या शेतकऱ्याला लागला. ६ सप्टेंबरला वुस्टर गावात ४,६०० च्या वर माणसं जमली आणि राजाचं न्यायालय त्यांनी बसूच दिलं नाही. बॉस्टनबाहेर सरकारचा अंमल संपला तो तेव्हा, एक गोळी न सुटता. त्याच सप्टेंबरात फिलाडेल्फियात १२ वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, भरली, १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल बंद असं ठरलं, आणि तो ठराव पाळला जातो की नाही हे बघायला गावोगाव निवडून दिलेल्या समित्या आल्या. समांतर सरकारच झालं ते.

१९ एप्रिल १७७५ ला सुमारे ७०० ब्रिटिश सैनिक बॉस्टनजवळच्या काँकॉर्डचा शस्त्रसाठा जप्त करायला निघाले. लेक्सिंग्टनच्या मैदानात ८ गावकरी पडले, आणि परतीच्या वाटेवर फौजेचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७३. तरीही स्वातंत्र्याचा विचार बहुतेकांच्या मनात नव्हता. जुलैत काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजाने २३ ऑगस्टला बंडाची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये वसाहतींचा सगळा व्यापार बंद करून त्यांची जहाजं शत्रूची ठरवली. मग जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्या जाहीरनाम्यातल्या २७ तक्रारींत कराची तक्रार १७ व्या क्रमांकावर आहे. फौज, न्यायालयं, विधिमंडळं आणि न्यायाधीशांचे पगार यांच्यानंतर.

१७७८ मध्ये पार्लमेंटने चहाचा कर रद्द केला आणि वसाहतींवर महसुलासाठी कर बसवणार नाही असा कायदाही केला. तो घेऊन ब्रिटिश शिष्टमंडळ जूनमध्ये फिलाडेल्फियात पोहोचलं. काँग्रेसचं उत्तर होतं: स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा परत न्या, मग बोलू. फ्रान्सशी झालेल्या तहाला तिने महिनाभर आधीच, ४ मे रोजी, मंजुरी दिलेली होती.