मॉरिशस केस्ट्रेल हा मॉरिशस बेटावरचा छोटा शिकारी पक्षी, ते खरंच फक्त ४ उरले होते का? आणि फिरायला गेल्यावर तो आता दिसतो का?

हो, खरंच. १९७४ मध्ये जंगलात माहीत असलेले फक्त ४ पक्षी उरले होते, त्यात अंडी घालणारी मादी एकच. जंगल तोडलं गेलं, बाहेरून आणलेली माकडं, मुंगसं अंडी-पिल्लं खायची आणि त्यात मलेरियाच्या डासांसाठी डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी झाली.

आपल्याकडे माळावर हवेत एका जागी फडफडत थांबणारी खरुची बघितली असेल ना, हा तिचाच भाऊबंद, पण राहणी एकदम वेगळी. हा जंगलातला, पंख आखूड आणि गोलसर, त्यामुळे फांद्यांच्या मधून सहज वळणं घेत उडतो. मी पाहिला तो मॉरिशसमधल्या फर्नेच्या जंगलात, फांदीवर बसून मान खाली-वर करत कशाचा तरी अंदाज घेत होता आणि मग एकदम शेजारच्या खोडावर झेप, पायात हिरवीगार पाल, तिची शेपूट अजून वळवळतेय! या पाली म्हणजे त्याचं मुख्य खाणं.

१९७९ ला कार्ल जोन्स हे जीवशास्त्रज्ञ तिथे आले आणि त्यांनी पहिली अंडी काढून इन्क्युबेटरमध्ये उबवायला सुरुवात केली, अंडी गेली की मादी परत घालते, म्हणजे एकाच सीझनमध्ये दुप्पट पिल्लं. शिवाय जंगलातल्या जोड्यांना वरचं खाणं दिलं, घरट्यांसाठी पेट्या लावल्या. १९९४ पर्यंत ३०० च्या वर पक्षी जंगलात सोडले, माझ्या मते पक्षी वाचवण्याच्या कामात याला तोड नाही.

पण 'वाचला एकदाचा' म्हणून लोक विषय संपवतात ते मला अजिबात पटत नाही. १९९४ ला त्याचा धोक्याचा दर्जा कमी केला होता, तो २०१४ ला परत वाढवावा लागला आणि मोका डोंगरातले पक्षी तर नाहीसेच झाले. कारण चांगलं मूळ जंगल बेटावर २ टक्केसुद्धा उरलेलं नाही, बाकी ठिकाणी बाहेरच्या पेरूच्या जाळ्या माजल्यात. पिंजऱ्यात पिल्लं कितीही वाढवा, सोडणार कुठे?

तर जाणार असाल तर बीचचा एक दिवस कमी करा आणि फर्ने किंवा शामारेलच्या एबनी फॉरेस्टला गाईड घेऊन जा, पक्षी कुठे बसतात ते त्यांना पक्कं माहीत असतं आणि तुमच्या तिकिटाचे पैसे देशी झाडं लावायच्या कामी येतात.