वाचकांचे प्रश्न : कलादालनाच्या उद्घाटनातील मेशिका नृत्य

प्रश्न : कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे मुलीकडे गेले असताना तिच्या वस्तीतील एका छोट्या कलादालनाच्या उद्घाटनास आम्ही उपस्थित होतो. पिसांचे उंच मुकुट घातलेल्या स्त्री-पुरुषांनी प्रथम शंख फुंकला, चारही दिशांना धूप दाखवला आणि मग एका उभ्या ढोलाभोवती गोल धरून बराच वेळ नृत्य केले. हे अ‍ॅझ्टेकांचे पारंपरिक नृत्य आहे, असे सांगण्यात आले. अ‍ॅझ्टेकांचे राज्य जाऊन पाचशे वर्षे झाली. मग हे नृत्य खरोखर तेव्हाचे आहे का? चित्रप्रदर्शनाशी त्याचा काय संबंध? आणि अशा वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही? – एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : अ‍ॅझ्टेक, म्हणजेच मेशिका लोकांची राजधानी तेनोच्तित्लान, म्हणजे आजचे मेक्सिको शहर, १३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिश सैन्याच्या आणि त्याला मिळालेल्या स्थानिक राज्यांच्या हाती पडली, हे खरे आहे. तथापि तेथील लोक त्यानंतरही त्याच परिसरात राहिले आणि त्यांची नाहुआत्ल भाषा मेक्सिकोत आजही १५ लाखांहून अधिक माणसे बोलतात. त्यामुळे नृत्याची परंपरा १५२१ साली संपली असे मानता येत नाही, आणि ती जशीच्या तशी आपल्यापर्यंत आली असेही म्हणता येत नाही.

जुन्या नृत्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग सोळाव्या शतकातील बेर्नार्दिनो दे साहागुन आणि दिएगो दुरान या धर्मगुरूंच्या लिखाणातून आलेला आहे. मंदिरांलगत गायन-नृत्य शिकवणाऱ्या शाळा होत्या, आणि सणाच्या दिवशी वेवेत्ल हा उभा ढोल व तेपोनास्त्ली हे आडवे लाकडी वाद्य मध्यभागी ठेवून त्यांभोवती नर्तक फेर धरीत, असे त्यांतून कळते. साहागुन यांनी नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, वृद्धांकडून नोंदवून घेतलेल्या वृत्तान्तात मे १५२० मधील तोश्कात्ल उत्सवाची हकीकत आहे. स्पॅनिश सेनापती कोर्तेस किनाऱ्याकडे गेलेला असताना त्याचा सरदार आल्वारादो याने मुख्य मंदिराच्या आवारात नृत्यात दंग असलेल्या नि:शस्त्र लोकांवर हल्ला चढवला. सैनिकांनी वाटा अडवल्या आणि ढोल वाजवणाऱ्याचे हात तोडले. त्या मंदिराचे अवशेष मेक्सिको शहराच्या मुख्य चौकालगत आहेत आणि आज त्यांच्याच शेजारी नर्तकांचे मेळे रोज ढोल वाजवतात. ज्यांना हे नृत्य केवळ पर्यटकांसाठीचे वाटते, त्यांनी ही हकीकत एकदा तरी वाचावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

स्पॅनिशांच्या विजयानंतर हे नृत्य चर्चच्या उत्सवांच्या आश्रयाने टिकले. कोंचेरो नावाने ओळखले जाणारे नर्तक आपली परंपरा मेक्सिकोतील केरेतारो येथील सांग्रेमाल टेकडीपर्यंत नेतात. तेथे १५३१ साली लढाई चालू असताना आकाशात क्रूस आणि संत सांतियागो प्रकट झाले, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या मंडळांत कॅप्टनसारखी सैनिकी पदे असतात, चाल्मा आणि ग्वादालूपे येथील तीर्थस्थानी जाऊन नृत्य करण्याचे व्रत असते, आणि आर्माडिलो नावाच्या कवचधारी प्राण्याच्या पाठीच्या कवचापासून केलेले तंतुवाद्य असते. तंतुवाद्ये तेथे स्पॅनिशांबरोबरच आली. म्हणूनच विसाव्या शतकात मेशिका संस्कृतीच्या पुनरुज्जीवनाची चळवळ जोर धरू लागली, तेव्हा काही मंडळांनी हे वाद्य आणि ख्रिस्ती प्रार्थना दूर सारून ढोल, पिसे आणि जुनी दैवते यांवर भर दिला. काही जण या दुसऱ्या रूपालाच अस्सल मानतात. मला तो निर्णय अन्यायाचा वाटतो, कारण ज्यांनी संतांच्या नावाखाली का होईना, पावले आणि ताल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांच्याच हातून ही परंपरा पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचली.

कलादालनाशी असलेला संबंध जवळचा आहे आणि तो आपण गेलात त्याच शहरात स्पष्ट दिसतो. १९७० च्या दशकात फ्लोरेन्सियो येस्कास आणि आंद्रेस सेगुरा या मेक्सिकन गुरूंनी अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या तरुणांना हे नृत्य शिकवले. हे तरुण तेव्हा शेतमजुरांच्या, शिक्षणाच्या आणि नागरी हक्कांच्या चळवळीत होते, आणि मोठ्या संग्रहालयांत स्थान न मिळालेले त्यांचे चित्रकार स्वत:ची दालने उभारत होते. सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये १९७१ साली पाण्याच्या एका जुन्या गोल टाकीत सुरू झालेले ‘सेंत्रो कुल्तुराल दे ला रासा’ हे त्यांपैकीच एक असून, भित्तिचित्रे आणि नृत्य ही दोन्ही तेथे एकाच छताखाली वाढली. अशा दालनाचे उद्घाटन म्हणजे वस्तीने स्वत:साठी जागा मिळवणे असते, आणि म्हणून चित्रे पाहण्यापूर्वी धुपाने व नृत्याने त्या जागेची पूजा केली जाते.

राहिला टाळ्यांचा प्रश्न. नर्तक या नृत्याला प्रार्थना मानतात, आणि दिंडीत पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांकडे आपण ज्या वृत्तीने पाहतो, तीच वृत्ती येथेही योग्य ठरेल. धूपपात्र सांभाळणारी स्त्री दिशांना वंदन करीत असताना शांत उभे राहावे, फेरा ओलांडून जाऊ नये, छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. उद्घाटनासारख्या सार्वजनिक प्रसंगी मात्र पुष्कळ मंडळे टाळ्यांचे स्वागत करतात आणि शेवटच्या नृत्यात प्रेक्षकांनाही फेऱ्यात बोलावतात. तसे बोलावणे आले तर संकोच न करता जावे.

प्रश्न : या नर्तकांच्या पायांत घुंगरांसारखे जे वाजते, ते कशाचे असते? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ती आयोयोते नावाच्या झाडाच्या फळांतील वाळलेली कठीण कवचे असतात. चामड्याच्या किंवा कापडाच्या पट्ट्यावर ती दाट शिवून घोट्याच्या वर बांधतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल ढोलाला उत्तर देते. कोकणात कुंपणाला लावलेली पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, ही त्याच झाडाची सख्खी बहीण असून तीही मूळची अमेरिका खंडातीलच आहे. बिट्टीची कवचे वापरून असे पट्टे घरी करावेत, असे कोणाला वाटल्यास एक काळजी अवश्य घ्यावी. या झाडाचा चीक आणि विशेषत: बी हृदयावर परिणाम करणारे विष आहे, तेव्हा कवच फोडून बी काढण्याचे काम मुलांच्या हाती देऊ नये, काढलेल्या बिया गुरांच्या तोंडी लागतील अशा ठिकाणी टाकू नयेत आणि काम संपल्यावर हात स्वच्छ धुवावेत.