डच अहवालातल्या 'ख्रोंडखेबोंडन' शेतीला इंग्रजीत काय लिहावं?

तुमचा प्रश्न असा, की डच डेअरीवरच्या अहवालात 'ख्रोंडखेबोंडन' (शब्दशः 'जमिनीशी बांधलेलं') पानोपानी येतं, शब्दकोश 'लँड-डिपेंडंट' सुचवतो, तर तेच ठेवावं का. मी डच कागदपत्रं इंग्रजीत करण्याचंच काम करतो. माझं मत: ठेवू नका. जमिनीवर अवलंबून नसलेली शेती असते तरी कुठली, असं वाचक पहिल्याच पानावर विचारेल. 'लँड-बेस्ड' घ्या. पण आधी अहवाल कशाचा हिशोब मांडतोय ते बघा. शेणाचा, चाऱ्याचा की नुसत्या जागेचा?

डेअरीच्या कागदांत बहुतेक वेळा शेणाचा. 1984 पासून चालत आलेला दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं याची मर्यादा, 2015 च्या वसंतात उठला, गाई वाढल्या आणि शेणातून बाहेर पडणाऱ्या फॉस्फेटची ठरलेली राष्ट्रीय मर्यादा ओलांडली गेली. म्हणून 1 जानेवारी 2018 पासून फॉस्फेट हक्क आले. जितके हक्क, तितक्याच गाई. हक्क वाटताना 2 जुलै 2015 ची जनावरं धरली आणि 8.3 टक्के सरसकट कापले. या कपातीतून 'ख्रोंडखेबोंडन' गोठे सुटले, म्हणजे 2015 साली ज्यांच्या जनावरांचं सगळं फॉस्फेट कायद्याने त्यांच्याच जमिनीवर टाकता येत होतं ते.

समजा 100 गाई आणि 40 हेक्टर कुरण आहे. एक दुभती गाय वर्षाला साधारण 40 किलो फॉस्फेट बाहेर टाकते. कालवडी सोडून दिल्या तरी 4000 किलो झालं. कुरणाला तेव्हा मातीतल्या स्फुरदाप्रमाणे हेक्टरी 80 ते 100 किलोची परवानगी होती. 90 धरा, 3600 होतात. गडी बसला नाही! गाई दारात चरतायत, नजर जाईल तिथवर गवत आहे, तरी कागदावर तो 'लँड-बेस्ड' नाही. असली गोष्ट इंग्रजी वाचकाला नुसत्या शब्दावरून कळणं शक्यच नाही, म्हणून शब्द पहिल्यांदा येईल तिथे त्याची कायद्यातली अट एका वाक्यात सांगून टाका. पुढे मग बिनधास्त 'लँड-बेस्ड' लिहीत जा.

चाऱ्याचा हिशोब वेगळा. 2018 मध्ये डेअरी क्षेत्रानेच नेमलेल्या समितीने शिफारस केली, की 2025 पर्यंत गाईंच्या खाण्यातली 65 टक्के प्रथिनं स्वतःच्या रानातून किंवा 20 किलोमीटरच्या आतल्या शेजाऱ्यांकडून यावीत. सगळा रोख परदेशातून येणाऱ्या सोया पेंडीवर. शब्द तोच, पण इथे फॉस्फेटचा संबंध नाही. एकाच अहवालात दोन्ही आले तर मी दुसऱ्या ठिकाणी सरळ 'चाऱ्याबाबत स्वयंपूर्ण' या अर्थाचं इंग्रजी लिहितो.

जागेच्या नियोजनाच्या कागदांत उलटा शब्द भेटेल: 'नीट-ख्रोंडखेबोंडन', म्हणजे मुख्यतः डुकरं आणि कोंबड्या. यासाठी 'लँडलेस' हा रुळलेला शब्द आहे. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) 1996 च्या वर्गीकरणात जनावरांच्या खाद्याचा पाणी वजा जाता उरणारा भाग धरला तर त्यातला 10 टक्क्यांहून कमी स्वतःच्या शेतावरचा असेल, आणि जमिनीच्या मानाने जनावरं फार दाट असतील, तर ती 'लँडलेस' पद्धत. मात्र हा शब्द पद्धतीलाच लावा, माणसाला नको. 'लँडलेस फार्मर' म्हटलं की आपल्याला काय, कुणालाही भूमिहीन शेतमजूर आठवतो, आणि दक्षिण नेदरलँड्सच्या ब्राबांटमधल्या वराहपालकाची शेडच कोट्यवधींची असते.

काचगृहांचा विषय निघाला तर सावध. तिथे हाच शब्द टोमॅटो रॉकवूलमध्ये (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंत) न लावता मातीत लावला, एवढंच सांगतो. 'सॉइल-ग्रोन' लिहा. (घरांच्या जाहिरातीतही हा शब्द दिसेल, तिथे तो तळमजल्यावर स्वतःचं दार असलेलं घर. तुमच्या कामाचा नाही.)

आजूबाजूचे शब्द सोपे आहेत. 'रुवफूर' म्हणजे गवत, मुरघास वगैरे वैरण, त्याला 'फॉरेज'. 'द्रैफमेस्ट' ही शेण-मुताची पातळ रबडी, ती 'स्लरी'. अडेल ते 'हाउसकावल'. गोठ्याला लागून असलेली जमीन, जिथे गाई रस्ता न ओलांडता चरायला जातात आणि धारेला परत येतात. शब्दशः काही केलंत तर घराचा प्लॉट वाटेल. आयर्लंडचे डेअरीवाले याला 'ग्रेझिंग प्लॅटफॉर्म' म्हणतात. वाचक शेतीतला असेल तर तेच वापरा, नसेल तर 'गोठ्यालगतचं कुरण' एवढं इंग्रजीत सांगितलं तरी भागतं.