इलेक्ट्रिक स्कूटरचे २५ चे लिमिट काढून घ्यावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, तिचे ताशी २५ किलोमीटरचे लिमिट दीड हजार रुपयांत काढून देतो, मग गाडी ४५ पर्यंत पळेल, असे गॅरेजवाला म्हणतो. तुमची १७ वर्षांची मुलगी तीच गाडी घेऊन इंदिरानगरहून कॉलेज रोडला, म्हणजे सुमारे सहा किलोमीटर, क्लासला जाते. यात कायद्याची अडचण येईल का आणि गाडीला काही धोका आहे का, हे तुम्हाला हवे आहे. माझे उत्तर असे की, हे काम करून घेऊ नका. मी नाशिकमध्येच वीस वर्षे मोटार रिवाइंडिंगचे काम करतो आणि गेली सहा वर्षे इलेक्ट्रिक दुचाकींची दुरुस्तीही करतो. सुरुवातीला मी स्वतः तीन गाड्यांचे लिमिट काढून दिले होते. चौथी गाडी मी का घेतली नाही, ते पुढे सांगतो.

आधी कायद्याचे पाहू, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. आपली गाडी लायसन्स आणि पासिंगमधून कायमची सुटलेली आहे आणि वेगाचे लिमिट ही कंपनीने वरून घातलेली निराळी गोष्ट आहे, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ती सूट त्या लिमिटमुळेच मिळालेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) प्रमाणे बॅटरीवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती, म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते ती शक्ती, ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, तिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि या दोन्ही गोष्टी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने चाचणी करून प्रमाणित केलेल्या असतील, तरच ती गाडी कायद्याच्या दृष्टीने 'मोटार वाहन' ठरत नाही. म्हणूनच तिला पासिंग लागत नाही, विमा सक्तीचा नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. लिमिट काढले की ही अट मोडते आणि तुमच्या दारात नंबर नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल उभी राहते, मग ती बाहेरून कालच्यासारखीच दिसत असली तरी.

यावर मला नेहमी विचारले जाते की, मग आता पासिंग करून घेतले तर चालेल का. चालणार नाही. नोंदणीसाठी त्या मॉडेलला जास्त वेगाचे वाहन म्हणून मंजुरी असावी लागते आणि उत्पादकाचे तसे प्रमाणपत्र जोडावे लागते. तुमच्या गाडीचे मॉडेल कमी वेगाचे म्हणूनच तपासलेले आहे, त्यामुळे आरटीओच्या अधिकाऱ्याची कितीही इच्छा असली तरी त्याला ती नोंदवता येत नाही. याचा अर्थ असा की, या बदलाला नंतर कायदेशीर करून घेण्याचा कोणताही मार्ग शिल्लक राहत नाही.

दंडाचे आकडेही लक्षात घ्या. नोंदणी नसलेले वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. लायसन्स नसताना चालवल्यास कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि अशा व्यक्तीला गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तेवढीच शिक्षा आहे. विमा नसल्याबद्दल कलम १९६ आहे. वाहनात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आले असून त्यात प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

पण तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती कलम १९९अ ची. अल्पवयीन मुलाने किंवा मुलीने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलीने गाडी तुमच्या संमतीने नेली होती, असे न्यायालय गृहीत धरूनच चालते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. १६ ते १८ वयात मिळणारे लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीसाठी असते, त्यामुळे नोंदणीच नसलेल्या, फेरफार केलेल्या गाडीसाठी त्याचा आधार घेता येणार नाही. आज तुमची मुलगी २५ च्या आतली गाडी पूर्णपणे कायदेशीररीत्या चालवते आहे. दीड हजार रुपयांसाठी तिची ही स्थिती बदलू नका, एवढे मी कळकळीने सांगतो.

'पण पकडतो कोण?' हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण गॅरेजवाला तो हमखास विचारेल. नाक्यावर कदाचित कोणी पकडणार नाही. मात्र तपासण्या होतात. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाइकवर कारवाई करण्याचे आदेश आरटीओंना दिले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादा वृद्ध माणूस धक्का लागून पडला तर पंचनामा होतो आणि मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. मोटारला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर बदललेला आहे किंवा त्याच्या वायरिंगला हात लावलेला आहे, हे जाणत्या माणसाला सीट उघडताच दिसते. त्यानंतर मोटार अपघात न्यायाधिकरणाने जी भरपाई ठरवली ती देणारी विमा कंपनी मागे नसते. ती रक्कम तुमच्या पगारातून आणि घरातून जाते. समोरचा माणूस दगावला तर निष्काळजीपणे मृत्यूस कारण झाल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि अल्पवयीन मुलीला बाल न्याय मंडळासमोर उभे राहावे लागते.

आता गाडीकडे वळू. २५ वरून ४५ म्हणजे वेग दुपटीपेक्षाही कमी वाढला असे वाटते, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती सव्वातीन पट होते. ब्रेकचा हिशेब मी ग्राहकांना कागदावर मांडून दाखवतो. माणसाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले आणि अशा गाडीचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर ठीकठाक लागतात असे मानले, तर २५ च्या वेगाने येणारी गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते आणि ४५ च्या वेगाने येणारी ३२ मीटरमध्ये. जिथे पहिली गाडी थांबून उभी असते, तिथे दुसरी अजून जवळजवळ पूर्ण वेगात असते. या गाड्यांचे लहान ड्रम, केबलवर ओढले जाणारे ब्रेक शू, बारीक टायर आणि हलके शॉकअप हे सगळे २५ चा वेग धरून निवडलेले असते. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी पावसाळ्यात कडेला साचलेली वाळू आणि चिखल तुम्ही पाहिलाच असेल.

ब्रेकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी गॅरेजवाले सांगत नाहीत. मूळ गाडीत ब्रेकच्या दांडीला एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटारचा पुरवठा तोडतो. बाजारातला स्वस्त कंट्रोलर घालताना ही वायर पुष्कळदा जोडायचीच राहते, कारण ती न जोडताही गाडी चालते. मग घाबरून एका हाताने ब्रेक दाबताना दुसऱ्या हाताने रेस तशीच राहिली, तर मोटार चाकाला पुढे ढकलत राहते. नवशिक्या चालकाचे नेमके असेच होते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा गाड्यांमध्ये मी आधी हीच वायर शोधतो.

विजेचा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. सपाट रस्त्यावर एका माणसाला घेऊन २५ च्या वेगाने जायला अशा गाडीला साधारण २५० वॅट लागतात. ४५ च्या वेगाला वाऱ्याचा विरोध इतका वाढतो की, माझ्या हिशेबाने ९०० वॅटच्या पुढे जावे लागते. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून पाच-साडेपाच अँपिअर काढायचे तिथे १९ ते २० अँपिअर काढावे लागतात, आणि वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे त्याच वायरी बारा-तेरा पट तापतात. रेंजही जवळपास निम्म्यावर येते. मागच्या चाकातल्या हब मोटारच्या पोकळ आसातून पिवळी, हिरवी आणि निळी अशा तीन जाड वायरी आणि त्यांच्यासोबत हॉल सेन्सरच्या, म्हणजे फिरत्या चाकाची स्थिती कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरच्या, पाच बारीक वायरी बाहेर येतात. त्या आसात वारा शिरायला जागा नसते. गाडी चढावर दमली की सगळ्यात आधी तापते ती ही जागा.

मी लिमिट काढून दिलेली तिसरी गाडी एका ओळखीच्या तरुणाची होती. चार महिन्यांनी गंगापूर रोडला आईला मागे बसवून जात असताना आसातल्या वायरींचे वेष्टण वितळून त्या एकमेकींना चिकटल्या. हब मोटारच्या वायरी आपसांत शॉर्ट झाल्या की चाक फिरायला जोरात विरोध करते. चालवणाऱ्याला कोणीतरी मागचा ब्रेक दाबल्यासारखे वाटते. गाडी आडवी झाली आणि त्याच्या आईचे मनगट मोडले. मागून त्या वेळी कोणतेही वाहन येत नव्हते. चाक माझ्याकडे आले तेव्हा ते उघडताच जळक्या व्हार्निशचा वास दुकानभर पसरला. तांबे काळे पडले होते आणि तीन रंगांच्या वायरी मिळून एकच तपकिरी गोळा झाला होता. त्या कुटुंबाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, तरी चूक माझीच होती. त्यानंतर मी हे काम घेतलेले नाही आणि आधीच्या दोन्ही गाड्या बोलावून त्या पूर्ववत करून दिल्या.

बॅटरीविषयीही बोलणे आवश्यक आहे. लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस नावाचे संरक्षण सर्किट असते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढला गेला की ते पुरवठा बंद करते. लिमिट काढलेली गाडी चढावर वारंवार बंद पडू लागते ती यामुळेच, आणि मग तोच गॅरेजवाला बीएमएस बायपास करून देतो. गाडी पुन्हा पळू लागते, पण सेल प्रमाणाबाहेर तापले किंवा जास्त चार्ज झाले तर आता अडवणारे काहीही उरलेले नसते, आणि ही बॅटरी रात्री तुमच्या हॉलमध्ये चार्जिंगला लागलेली असते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्या गाडीचे लिमिट काढले होते असे मी म्हणत नाही. लिथियम बॅटरी घरात बिघडली तर काय होते, एवढ्यासाठी ते सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून केंद्र सरकारने नोंदणी होणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरीचे एआयएस-१५६ हे मानक टप्प्याटप्प्याने कडक केले. बीएमएस काढून टाकणे म्हणजे अशा सुरक्षेच्या नेमके उलट जाणे.

ई-सायकल असलेल्यांनाही हेच लागू आहे. तिथे मोटारचा जोर २५ च्या वेगापर्यंत हळूहळू कमी होऊन थांबला पाहिजे, अशी त्याच नियमात अट आहे.

आता तुमची मूळ गरज पाहू. सहा किलोमीटरला सतत २५ च्या वेगाने साडेचौदा मिनिटे लागतात आणि सतत ४५ च्या वेगाने आठ. वाटेतले सिग्नल आणि गर्दी धरली तर प्रत्यक्षात तीन-चार मिनिटांचाच फरक पडतो. तेवढ्यासाठी तिला दहा मिनिटे आधी निघायला सांगा आणि कायद्याने सक्ती नसली तरी आयएसआय खुणेचे हेल्मेट घालायला लावा. ती १८ वर्षांची झाली की लायसन्स काढून द्या आणि ही गाडी विकून नोंदणी होणारी इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. बॅटरीवरच्या वाहनांचे नोंदणी शुल्क केंद्राने २०२१ पासून माफ केलेले आहे, आणि त्या गाडीला हिरवी नंबर प्लेट व विमा दोन्ही मिळेल.

गाडी जुनी घेतलेली असेल, तर आजच एक तपासणी करून पाहा. मोकळ्या सरळ रस्त्यावर तुम्ही स्वतः ती चालवा आणि मागे बसलेल्या माणसाला फोनच्या जीपीएसवर वेग पाहायला सांगा, कारण गाडीचा मीटर पुष्कळदा चुकतो. वेग २५ च्या पुढे जात असेल, तर लिमिट आधीच्या मालकाने काढलेले आहे किंवा दुकानातूनच तशी विकली गेली आहे. विक्रेत्याकडे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागा, कंट्रोलर मूळचाच आहे का ते पाहा, ब्रेकच्या स्विचची वायर जोडलेली आहे का ते तपासून घ्या, आणि हे सगळे होईपर्यंत मुलीला ती गाडी देऊ नका.