सगळं कोकण नको, एक कासव पुरे

डब्लिनहून एका आईचं पत्र आलंय. तिथल्या सात-आठ मराठी घरांनी ठरवलंय की महिन्यातला एक शनिवार मुलांसाठी ठेवायचा. मराठीतून गोष्ट, मग हाताने काहीतरी बनवणं. मुलं तीन ते सात वर्षांची. यंदाचा विषय कोकण, कारण निम्मी घरं मूळची मालवण-देवगडकडची. पहिल्या शनिवारचा आराखडा तिने सोबत पाठवलाय: दीड तासात नारळाची गोष्ट, आंब्याचं चित्र रंगवणं, कागदाची होडी, पुठ्ठ्याचा सिंधुदुर्ग आणि शेवटी सोलकढी. "काकू, काही राहिलं का?" असं विचारते.

राहिलं काहीच नाही गं, तीच पंचाईत आहे. हे एसटीचं कोकण दर्शन झालं. प्रत्येक थांब्यावर उतरा, फोटो काढा, चढा. चार वर्षांच्या मुलाची दहा मिनिटं तर डिंकाच्या बाटलीचं टोपण उघडण्यातच जातात.

एका शनिवारी एकच गोष्ट घे. आणि त्याहून महत्त्वाचं, जे बनवायचं ते गोष्टीला लागलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. आधी गोष्ट, मग "चला, आता क्राफ्ट" म्हणून छापील आंबा रंगवायला देतात. रंगवून झाला की आंबा फ्रिजवर जातो आणि मुलाचा त्याच्याशी संबंध संपतो. मी बालवाडी चालवली तेव्हा क्रम बदलून ठेवला होता. आधी हातकाम, मग गोष्ट, आणि हाताने केलेली वस्तू गोष्टीत कामाला येणार. आपलं अंडं कधी फुटतंय याची वाट बघणारं मूल मांडी मोडत नाही.

अंडं म्हटलं, कारण तुझा पहिला शनिवार मी कासवाला देईन. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातलं वेळास त्यासाठी प्रसिद्ध आहे, दापोलीकडे आंजर्लेही. मादी रात्री वाळूत वर येते, मागच्या पायांनी दीडेक फुटाचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. अंडी दिसायला टेबलटेनिसच्या चेंडूसारखी, पण कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, मऊ चामड्यासारखं असतं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हीकुत्री उकरून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात.

एवढी माहिती तुझ्यासाठी. मुलांना यातलं निम्मंच सांगायचं, बाकीचं त्यांच्या हातून घडू दे.

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. घट्ट मळून घे, तेलाचा हात लाव. प्रत्येक मुलाला लिंबाएवढा गोळा आणि काळपट जाड कापडाचा कासवाच्या आकाराचा एक तुकडा दे (पिल्लं खरंच काळपटच असतात, चित्रातल्यासारखी हिरवी नव्हे). गोळा चपटा करायचा, कापड घडी करून आत ठेवायचं, कडा ओढून घेऊन पुन्हा वळायचा. आपल्याकडे पुरणाचा उंडा भरतात, अगदी तसं. कुणीतरी मळलेलं चाखून बघेलच. खारट लागलं की तोंड वाकडं होतं, मग परत चाखत नाही. तरी एकाचं लक्ष असू दे, आणि कुणाला गव्हाची अॅलर्जी असेल तर त्याच्यासाठी तांदळाच्या पिठाचा वेगळा गोळा ठेव.

आता खोलीच्या एका टोकाला मोठ्या परातीत वाळू. वाळू नसेल तर तांदळाचा रवा चालेल, नाहीतर जुनी चादर चुरगाळून टाक. दुसऱ्या टोकाला निळी साडी, दोघांनी दोन टोकं धरून हलवायची. गोष्ट सुरू कर. रात्र झाली म्हटलं की दिवे बंद. मादी येते, खड्डा करते, मुलं आपापली अंडी त्यात ठेवतात, वाळू लोटतात. मग थांब. खरंच थांब, वीस आकडे मोजेपर्यंत. मुलं कुजबुजतील, कुणीतरी वाळूला कान लावून बसेल. बसू दे. मग अंडी फोडायची, पिल्लू तळहातावर घ्यायचं आणि रांगत समुद्राकडे निघायचं.

आणि इथे गंमत आहे. पिल्लांना समुद्र कुठे आहे हे कोण सांगतं? रात्री किनाऱ्यावर समुद्राची बाजू जमिनीपेक्षा उजळ दिसते, पिल्लं त्या उजेडाकडे जातात. म्हणून साडीच्या मागे एक मंद दिवा ठेव. मुलं निघाली की उलट बाजूने एखाद्या बाबाने मोठा टॉर्च लावायचा. "अरे, चुकीच्या बाजूला निघाली पिल्लं!" असा आरडाओरडा होईल. किनाऱ्यावर झगमगीत दिवे का नसावेत, हे त्या टॉर्चने जेवढं कळतं तेवढं तक्त्याने कळत नाही.

एक प्रश्न हमखास येणार, त्याची तयारी ठेव. "पिल्लांची आई कुठे गेली?" परदेशात वाढणाऱ्या मुलांना हा प्रश्न जास्तच टोचतो, आजी विमानतळावरून परत गेलेली त्यांनी पाहिलेली असते. गोड शेवट चिकटवू नकोस. कासवाची आई समुद्रात गेली, ती परत येत नाही, पिल्लं जन्मतःच पोहायला तयार असतात, आणि म्हणून गावातली माणसं त्यांच्यावर लक्ष ठेवतात. खरं सांगितलं तर मुलं दोन मिनिटं गप्प होतात आणि मग खाऊ मागतात.

तुझा दुसरा प्रश्न होता, मुलं इंग्रजीतच उत्तर देतात त्याचं काय. गोष्ट ऐकताना ती काय बोलतात याकडे लक्ष देऊ नकोस. हात गुंतलेले असताना मराठी आपोआप शिरते. मळ, वळ, दाब, दुमड, लोट, उकर, सांडू नकोस, चिकटलं का, सुटलं का. हे शब्द पाठ्यपुस्तकात एकत्र कुठेच मिळत नाहीत, आणि कृती समोर असल्यामुळे अर्थ सांगावा लागत नाही. मुलाने "इट्स स्टिकी" म्हटलं की तू "चिकट झालं होय? थोडं पीठ लाव" म्हणायचं आणि पुढे जायचं. "मराठीत सांग बघू" म्हणून अडवलं की पुढच्या शनिवारी त्याच्या पोटात दुखतं.

कोरडा दिवस मिळाला तर दुसरा शनिवार घराबाहेर घे. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागात जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कुणी प्रचंड चित्रं कोरून ठेवली आहेत. कशेळीचा हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी खच्चून भरलेले. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. घरासमोरच्या काँक्रीटवर खडूने हत्ती काढायचा, मुलांच्या पावलांनी मोजून, जमेल तेवढा मोठा. बाह्यरेषा मोठ्यांनी काढावी, पोट मुलांनी भरावं. या चित्रांच्या मूळ गोष्टी कोरणाऱ्यांबरोबर गेल्या, त्यामुळे इथे सांगणारी तू नाहीस. हत्तीने कोणाकोणाला गिळलं आणि का, हे मुलं सांगतील. एकेकाने एकेक प्राणी बोटाने दाखवत सांगायचं. लाजऱ्या मुलाला हे फार सोयीचं पडतं, सगळे खाली जमिनीकडे बघत असतात.

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची जुनी पद्धत तर आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत आहे. ठाकर समाजातले चित्रकथी सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि गात गात रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या गटाने वर्षभरात अशी एक पोथी करावी. प्रत्येक मुलाचं एक चित्र, जाड कागद, मोठी आकृती, भडक रंग. बांधणी करायची नाही. सुट्या पानांची मजा अशी की क्रम बदलता येतो. राक्षस आधी आला की मग? पाच-सहा वर्षांची मुलं यावर जोरजोरात भांडतात, आणि ते भांडण मराठीत चालवायला मोठ्यांनी थोडं तेल घालावं.

सिंधुदुर्ग पुठ्ठ्याचा करू नका. बाबा लोक कापत बसतात, मुलं बाजूला उभी. किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं, पाया घालताना शिसं ओतलं, हे सात वर्षांच्या मुलाला आवडेल. लहानांना त्यातली एकच गोष्ट पुरते: महादरवाजा वळणात लपलेला आहे, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तेव्हा सोफ्याच्या उश्या, चादरी आणि खुर्च्यांचा तट उभा करा आणि दार असं लपवा की बाहेरच्यांना सापडू नये. अर्धी मुलं आत, अर्धी होडीत.

होडीची गोष्ट ऑगस्टला ठेव. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. कंटाळलेल्या होडीची गोष्ट मुलांना सांगावी लागत नाही, ती स्वतःच सुट्टीत कंटाळलेली असतात.

गणपतीत मात्र मखराच्या मागे लागू नका, माटवी करा. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं जे त्या दिवसांत मिळतं ते बांधतात: कवंडळं, हरणाची फुलं, तेरडा, शेरवडं, सुपारीचा घड, नारळ, आंब्याचे टाळे. डब्लिनला यातलं काही मिळणार नाही, आणि मिळवायचा अट्टहासही नको. चार काठ्या सुतळीने बांध. प्रत्येक मुलाने घराजवळ मिळालेली एक वस्तू आणायची, सफरचंद, कणीस, पाइनचं बोंड, रंग बदललेलं पान. ओळखीचं नसलेलं रानफळ झाडावरच राहू दे. बांधताना ती वस्तू कुठे मिळाली, कुणी पाहिली, कोण चिखलात घसरलं, हे सांगायचं. तीच त्या दिवसाची गोष्ट. प्लास्टिकची फुलं आणलीस तर सांगायला काही उरत नाही, "दुकानात मिळाली" एवढंच.

भुतांबद्दल तू विचारलं नाहीस, पण गटात कुणीतरी विचारणारच. कोकणी माणसाच्या गजालीत देवचार आणि वेताळ आल्याशिवाय रात्र होत नाही हे मान्य. तरी पाच वर्षांखालच्यांना नको. परक्या देशात अंधाऱ्या लांबलचक हिवाळ्यात त्या पोराला एकट्याने झोपायचं असतं. भीतीची हौस असेल तर शिमग्यातलं संकासुराचं सोंग घ्या. काळ्या कागदाचं तोंड, लाल लोंबती जीभ, आणि ते मूल स्वतःच चढवतं. स्वतः संकासुर झालेलं पोर घाबरत नाही, घाबरवतं.

आजीला व्हिडिओवर बसवून अख्खी गोष्ट सांगायला लावण्याची कल्पना मला पटत नाही. एक तर पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. दुसरं, सात-आठ मुलं एका पडद्याकडे बघू लागली की हात थांबतात. आजीला छोटं आणि नेमकं काम दे. झावळीचा हीर (पात्यामधली काडी) सोलून दाखवणं, समुद्राचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवणं, नाहीतर मुलांच्या एका प्रश्नाचं उत्तर देणं. आजी लोकांना काम दिलेलं आवडतं. नुसतं "हॅलो म्हण" आवडत नाही.

आणि मराठी न येणारे बाबा किंवा आई असतील तर त्यांना भिंतीशी उभं करून ठेवू नका. साडीचं एक टोक त्यांचं.

शेवटी पार्सलचं. आजी-आजोबा हौसेने रानातल्या बिया पाठवतात. त्यात गुंज असेल तर ती मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. लाल दाणा, काळा ठिपका, दिसायला फार सुरेख, पण चावली गेली तर जीवघेणी विषारी. सागरगोटे आणि कवड्या विषाचा प्रश्न म्हणून नव्हे, पण घशात अडकतात म्हणून तीन-चार वर्षांच्या लहानग्यांपासून दूर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वाचकांनी तर बिया, लाकूड, शिंपले, वाळलेली पानं यांतलं काहीही मागवण्याआधी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर पाहावं, आणि सामानातून नेत असाल तर विमानतळावर जाहीर करावं. तपासणी तिथे कडक असते. वस्तू जप्त होतात, लपवल्या तर दंडही बसतो. करवंटी हवी असेल तर जवळच्या दुकानातून नारळ आणून फोडा, खोबरं वाटणाला होईल.